बॉर्डरच्या पलीकडे दादाने काय सांगायचं

१२ फेब्रु. ७८, रविवार
दादाचा ट्रक लुटला. बॉर्डर ओलांडून गुजरातमध्ये शिरला आणि पुढे रस्त्यात दगड टाकलेले. कापडाच्या गाठी गेल्या. क्लीनर बारकूच्या डोक्याला टाके. दादा जेवला नाही. संध्याकाळी बाबांची ठासणीची बंदूक काढून ताडपत्रीत गुंडाळायला लागला. मी म्हटलं नेऊ नको, लायसन शेतीच्या राखणीचं आहे, आपल्या कोन गावातल्या शेतापुरतं. कल्याणला नेलीस तरी पकडतील. गुजरात तर दुसरं राज्य.
दादा: "शेतातल्या डुकराला मारलं तं चालतं. रस्त्यावरच्या डुकराचा काय करू?"
कायद्याने रस्त्यावर काय चालतं ते शोधून काढतो म्हणालो. नाहीतर लॉ कॉलेजला जातो कशाला.
(आजपर्यंत डायरी इंग्लिशमध्ये लिहायचो. दादाचं बोलणं त्यात बसत नाही.)

१६ फेब्रु.
लायब्ररी. दिवसभर आर्म्स अ‍ॅक्ट. गुप्ती: साफ मनाई. मोठा सुरा: जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं नोटिफिकेशन, ड्रायव्हरने वाचायचं कुठे? काठी चालेल. टॉमी चालेल, जॅक फिरवायची लोखंडी पहार, ती गाडीचंच हत्यार, कोण विचारणार?
आणि खरी गोष्ट, पीनल कोड. सेक्शन ९७, सेक्शन १००. जीव वाचवायला मारायचा हक्क. महाराष्ट्र, गुजरात, सगळीकडे तोच! उड्या मारत घरी आलो.

१८ फेब्रु.
राहनाळच्या गोडाऊनवर गेलो, दादाची गाडी भरत होते. ड्रायव्हर लोकांना सगळं समजावलं. सगळे मला वकीलसाहेब म्हणतात, चिडवायला. मी सांगितलं, हात उचलावा लागलाच तर पळायचं नाही. सरळ जवळच्या चौकीत जायचं, आपणच आधी सांगायचं. पळाला तो गुन्हेगार दिसतो.
रहमतचाचा हसले. जुने ड्रायव्हर, दादाला गाडी त्यांनीच शिकवली. "बेटा, हम लोग उधर रुकते नहीं. जो हुआ सो हुआ, गाड़ी भगाओ, अपने इलाक़े में आके बोलो।"
मी म्हटलं, चाचा, म्हणूनच तुम्हाला सगळे घाबरवतात. दादाने टॉमी टूलबॉक्समधून काढून सीटखाली ठेवली.

२१ फेब्रु.
दादाकडून पाठ करून घेतलं. पाढे म्हणतात तसं म्हणतो. वहिनी पोटावर हात ठेवून हसत होती. सातवा चालू आहे तिला. बंदूक परत माळ्यावर. बाबा म्हणाले, पोराला शिकवल्याचं फळ हाय. ग्रेट डे.

२७ फेब्रु.
दादा आत आहे.
रहमतचाचा सकाळी गाडी घेऊन परस्पर घरीच आले. बाहेरच उभे. मला बाजूला घेतलं. परवा, बॉर्डरपलीकडेच, यावेळी झाड आडवं. माणसं केबिनवर चढली. एकाने बारकूच्या मानेवर कोयता धरला. दादाने टॉमी मारली, एकदाच. माणूस जागेवर गेला. बाकीचे पळाले, कोयता घेऊन पळाले. चाचांची गाडी मागून पोचली तेव्हा बारकू शेतात लपलेला आणि दादा त्या मेलेल्या माणसाजवळ बसलेला.
चाचा त्याला म्हणाले, कोई नहीं देखा, चल, बॉर्डर पास में है.
दादा चौकीकडे गेला. चाचांना सांगून गेला: "भावानी सांगितलंय, आपणच आधी सांगायचा."

२ मार्च
तिकडे जाऊन आलो. दादाने हिंदीत सांगितलं, त्यांनी गुजरातीत लिहून घेतलं, दादाने मराठीत सही केली. तिकडचा वकील बघितलाय, म्हातारा, शांत. त्याने वाचून दाखवलं. मी मारलं, हे आहे. कोयता कुठेच नाही.
मी घाईघाईने म्हटलं, सर, पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. तो म्हणाला, करेक्ट. मला बरं वाटलं. मग म्हणाला, म्हणूनच आता मार्ग आहे. कोर्टात सांगायचं, मारलंच नाही. तो माणूस केबिनवर चढताना पडला, पहारीवर आपटला. क्लीनर तेच बोलेल.
पण खरं सांगितलं तर? सेल्फ डिफेन्स?
"ते तुम्ही सिद्ध करायचं. कोयता आणा."

३ मार्च
सेक्शन १०५, एव्हिडन्स अ‍ॅक्ट. सिद्ध करायचं ओझं आमच्यावर. हे मी तेव्हा वाचलंच नव्हतं. लायब्ररीत तेच पुस्तक, तीच खुर्ची.

६ मार्च
भेट झाली. पाच मिनिटंही नाही. दादा बारीक झालाय. वकिलाचं म्हणणं त्याला कळलंय, पण तो ऐकत नाही. वकिलाला म्हणाला, माझा भाऊ बोलला तरच.
मला जाळीतून विचारलं, "तू सांगितलंस तसाच केलं ना मी?"
हो म्हटलं.
"मंग खोटा कनाला बोलायचा?"
शिपाई आला.

९ मार्च
घरात कोणी मला काही बोलत नाही. बाबा शेतावरच असतात. आईने मीठ घातलं नाही आमटीत, कोणाला कळलं नाही. आज वहिनी शेवटी बोलली. भांडी घासत होती, मान वर न करता.
"खरा बोलायला तूच शिकवलंस. आता खोटा बोलायला पन तूच सांग. माजा तो ऐकनार न्हाय."
आणि खोटं पकडलं गेलं तर? कोर्टाने विचारलं, माणूस आपोआप पडला होता तर ड्रायव्हर चौकीत कशाला गेला? मग खरं पण कोण मानणार. हे वहिनीला नाही सांगितलं.

१२ मार्च, रविवार
उद्या जामिनाचा अर्ज. वकिलाने सांगितलंय, जे काय ते उद्या सकाळी कोर्टात शिरायच्या आधी सांगा, नंतर बदलता येणार नाही. दुपारी चाचांच्या गाडीने निघायचं. वहिनीपण येते म्हणते, नको म्हटलं तरी.
आत्ता सकाळी बारकू आला. त्याच्या पाड्यावरून चालत. डोक्यावरचे टाके निघालेत, आता मानेवर नवीन खूण आहे, कोयत्याची, बारीक लाल रेघ. आईने बस म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला. दादापेक्षा मोठा, पण मला साहेब म्हणतो.
"साहेब, मना काय दिसलं ता सांगा. तसाच बोलीन मी."
वहिनी चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. चहा प्याला त्याने. कपबशी विसळून पालथी ठेवली.
अजून बसलाय.