पेटीवाल्याची बिनआवाजी गाडी

प्रिय सिस्टरताई,

येशूच्या नावाने नमस्कार. (वाकून करणार होते, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घे.) तुझी, मठातल्या सगळ्या सिस्टरांची आणि तू लावलेल्या वांग्यांची प्रकृती उत्तम असावी. इकडे आम्ही ठीक आहोत, निदान सध्या तसं मानून चाललो आहोत.

झालं असं, की आमच्या फादरांनी प्रवचनात सांगितलं, सृष्टी देवाने आपल्याला सांभाळायला दिली आहे, आणि आपण तिच्या तोंडावर धूर सोडत रविवारच्या प्रार्थनेला, मिस्साला येतो, एकेका गाडीत एकेक माणूस. लगेच समिती झाली. मी बैठकीला गेले नव्हते, म्हणून अध्यक्ष मी. चर्चमधले एसी बंद, दिवसा दिवे बंद, खिडक्या उघड्या, इतपत सहज जमलं. (पहिल्याच रविवारी एक पारवा वेदीवर येऊन बसला. आपल्या दाताच्या डॉक्टरांना तो कबुतराच्या रूपात उतरलेला पवित्र आत्मा वाटला. उडून गेल्यावर वेदीवरची चादर पाहिली, मग नाही वाटला.) घोडं अडलं ते गाडीपाशी. सगळ्यांना एकत्र नेईल अशी मोठी, बॅटरीवर चालणारी गाडी एकाकडेच होती, शवपेट्या बनवणाऱ्या पेटीवाल्याकडे. हो, तीच. शववाहिका. त्याने मागे दोन बाकं ठोकली आणि आम्ही गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसू लागलो. गाडी काळी, लांब, आणि आवाज म्हणशील तर शून्य. रस्त्यावरची माणसं थांबून माना खाली घालत. आम्ही आतून हात हलवला की मात्र पळत सुटत.

गेल्या महिन्यात शेवटच्या गल्लीत गाडी वळवताना पेटीवाला एका दारासमोर थांबला. दार उघडलं आणि मेणबत्तीवाली आजी बाहेर आली. (पूर्वी चर्चच्या मेणबत्त्या तीच ओतायची. विजेच्या आल्या, आणि तिला कुणी पाहिलंच नाही. मी तर तिच्या आत्म्याला शांती मागून मोकळी झाले होते.) पांढरी साडी, केस नीट बांधलेले, हातात जपमाळ, पाय अनवाणी. दाराला कडीसुद्धा घातली नाही. "आलात? चला," म्हणाली आणि चढून माझ्यासमोर बसली. मग एकेकाचं तोंड निरखत तिने विचारलं, "अगं बाई, तुम्ही सगळेच? एकदम? आग-बिग लागली का?"

ताई, तिला वाटलं ती गेली, आणि आम्ही तिच्याही आधी. गाडी पाण्यावरून सरकावी तशी चालली होती. खरं सांगते, मी हळूच स्वतःची नाडी पाहिली. समोर डॉक्टरही मनगट धरून बसलेले. आजी मात्र खुशीत. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून ती हसली, मान डोलावली आणि त्या जागेला म्हणाली, "बरं झालं, तूही आलीस." त्या बाजूचा माझा दंड गार पडला तो संध्याकाळपर्यंत गारच.

चर्च अंधुक, वारा आतबाहेर फिरतोय, कुठे यंत्राची घरघर नाही. आजी दारातच थबकली. "शांत आहे," म्हणाली, "पण उकडतंय." मग आमच्याकडे वळून, अगदी मायेने, "जिवंत होतात तेव्हा तुमच्या गाड्या रोज दारावरून जाताना ऐकायची. एकही थांबली नाही. मेल्यावर तरी आठवण झाली."

शेवटी फादरांनी तिचे दोन्ही हात धरून सांगितलं, आजी, तुम्ही जिवंत आहात, आम्हीही आहोत. तिने त्यांचे तळवे चाचपले, ऊब लागली, आणि ती भडकलीच. मग घर उघडं टाकून आले त्याचं काय! पेटीवाला धावत कडी घालायला गेला. मिस्सा संपल्यावर मात्र तिने हळूच विचारलं, पुढच्या रविवारी याल का?

आता ती दर रविवारी असते, आणि आम्ही पाळी लावून तिच्याकडे डबा नेतो, पायी. पण त्या रिकाम्या जागेशी तिच्या गप्पा चालूच असतात, त्यामुळे निम्मी मंडळी गाडी सोडून चालत येऊ लागली आहेत. धूर आणखी घटला. समिती याला यश म्हणते.

तुझी धाकटी,
अध्यक्षबाई

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. मठात एक जुनी सायकल पडून आहे ना, ती पाठव. मलाही आता त्या गाडीत बसवत नाही.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी धीर करून आजीला विचारून आले, त्या जागेवर कोण असतं. म्हणाली, एक सिस्टर. ठेंगणी, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली, सारखी हसते. ताई, सायकल राहू दे. हे मिळताच उत्तर टाक. दोन ओळी पुरेत, पण तुझ्या हस्ताक्षरात.