वादळाच्या आधी टाकलेलं पत्र

फरीदाबाद,
६ जून १९९८

ती. सौ. अलकाताईस,
हरीशचा सा. न. वि. वि.

इकडे बिल्कुल ठीक. नव्या सोसायटीत लिफ्ट सुरू झाली. आमची छोटी विनया उगाचच खाली-वर करते. तुम्ही दोघं वास्तुशांतीला आला नाहीत, वर 'दिल्लीकर झालास, गेलेल्या आईलाही विसरलास' असं फोनवर सुनावलंस. राग गेलेला नाही, म्हणून तुझ्या शेजाऱ्यांकडे फोन न करता लिहितोय.

काल टीव्हीवर अरबी समुद्रातल्या वादळाची बातमी होती. कच्छकडे वळलं तर? तुमचं घर खाडीला लागून. पत्र्यांवरून जाड दोर टाकून खाली पक्के बांधा. पिण्याचं पाणी, पोहे, बॅटरी, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधून तयार ठेवा. वेळ आलीच तर शाळेत जा, ती इमारत पक्की आहे. आणि भाऊजींना मिठागरावर जाऊ देऊ नकोस. मजुरांच्या काळजीत ते स्वतःला विसरतात.

राग आहे तसा लोभही आहे. तो राहू दे.
हरीश

गांधीधाम,
१९ जून १९९८

चि. हरीश यास अ. आ.

तुझं पत्र सोळाला मिळालं. पाकिटावर 'सौ.' होतं. हे जाऊन तेव्हा सात दिवस झाले होते.

नऊ तारखेला सकाळी नुसतं ढगाळ होतं. हे डबा घेऊन मिठागरावर गेले. मग वारा असा सुटला की घराचे पत्रे उडाले. मी छातीभर पाण्यातून शाळा गाठली. मुकादम सांगतो, हे मजुरांच्या झोपड्यांकडे पळत होते. बायकापोरांना बाहेर काढत होते. तेवढ्यात समुद्र आत आला. अकरा तारखेला सापडले. शर्टाची बाही मी शिवली होती, तिच्यावरून ओळखलं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळं बरोबर लिहिलंयस रे, दोरसुद्धा. शेजारचा फोन नऊ तारखेच्या सकाळपर्यंत चालू होता. यांना घरी ठेव, एवढंच सांगायचं होतंस.

मी जास्त बोलले होते, मान्य. त्याची एवढी शिक्षा?

तुझ्या घरी सगळे सुखरूप असोत.
अलका

फरीदाबाद,
२६ जून १९९८

ती. ताई,
नमस्कार.

हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं. आठ तारखेला ऑफिस सुटल्यावर मी एसटीडी बूथवर गेलो होतो. शेजारच्या कुमुदबेननी फोन उचलला, थांबा म्हणाल्या आणि तुला हाक मारायला गेल्या. थोड्या वेळानं तुझा आवाज जवळ येताना ऐकू आला. कोणाचा फोन आहे, असं तू विचारत होतीस.

आधी मी का बोलू, असं वाटलं. पत्र तर टाकलंच आहे, असंही वाटलं.

मी फोन ठेवून दिला.

लोभ मागायला हात धजत नाही.
हरीश