नीलध्वजची ताठ मान

चि. यज्ञेश्वर,
ताईचे आशीर्वाद, आणि तुझ्या दुखऱ्या कमरेवरून मायेचा हात.

काल बेलापूरजवळच्या स्टड फार्मवर जाऊन आले. तुझा नीलध्वज छान आहे. अंगावर अजून तकाकी आहे, माझ्या हातून गाजर खाल्लं. त्याच्या शिंगरांनी यंदाही शर्यती मारल्या. तू शेक घेतोस ना?

लपवणार होते, पण जमत नाही. त्याच्यापासून आता घोड्या गाभण राहत नाहीत. त्या माजावर आल्यात का, हे पाहण्यापुरतं रोज त्याला त्यांच्यापुढे उभं करतात. तो खिंकाळतो, मान ताठ करतो. घोडी तयार दिसली की त्याला ओढून नेतात आणि त्याच्याच मुलाला आणतात.

"म्हातारा झालाय, आम्हाला देऊन टाका," मी म्हटलं.

मॅनेजर हसले. "देऊ कसा, ताई? एवढा जोश दुसऱ्या कुनात न्हाई. लई कामाचा हाय."

तू विचारलं होतंस, तुम्ही दोघं डर्बी जिंकलात तेव्हा केली होती, तशी मान तो अजून ताठ करतो का. करतो रे. रोज करतो.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
प्रेमलाताई