हर्नियाचं ऑपरेशन

३ नोव्हेंबर, सोमवार

परत तेच! आंघोळ करताना हात तिथंच थांबला. उरलेल्या एका वृषणातही काही कडक लागतंय का? चाचपून चाचपून दुखायला लागलं. काही नाही. आहे काहीतरी — नाही! 'रोज बघत बसू नका, महिन्यातून एकदा बघा,' डॉक्टर म्हणतात. त्यांचं काय जातंय!

पुढच्या सोमवारी पुण्याला तपासणी. मला भीती वाटते. इथं तरी खरं लिहितो.

६ नोव्हेंबर

नूतन जेवताना काहीतरी बोलली, ऐकूच आलं नाही. कानात सतत रातकिडे. केमोमुळे, म्हणे. बोटं बधिर — आज पुन्हा कप निसटला. सरबताचं सामान घेऊन गडावर निघालो, तर पहिल्याच चढाला धाप लागली. ट्रेकला आलेली पोरं म्हणाली, "मामा, तुम्ही बसा, सरबत आम्ही करून घेतो." मामा! बत्तीस वर्षांचा आहे मी.

पुढे हृदयालाही जपा म्हणालेत. कशाकशाला जपू?

८ नोव्हेंबर

आईने नूतनला पुन्हा कुठला तरी अंगारा लावला. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. नूतनने कपाळ पुढे केलं. खरं काय ते तिला, वडलांना म्हणजे अण्णांना आणि पुण्याच्या आत्यालाच माहीत. अण्णांनीच दम दिला होता, "असल्या जाग्याचा कॅन्सर म्हनून कुनाला सांगायचं न्हाई! हर्निया सांगायचं." केमो संपवून आत्याकडून टकला परतलो, तर बालाजीला केस दिले म्हणून ठोकून दिलं. आई बिचारी खूश. धाकट्या भावाने, बंडूने टकलावर टपली मारली.

झोपताना नूतनला म्हटलं, मूल झालंच नाही तर? "तुमी हाय ना, बास झालं," म्हणाली. मी आहे. पण किती दिवस?

१० नोव्हेंबर

साफ!! रक्त साफ, स्कॅन साफ! नूतन दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मीही. येताना नसरापूरला दोघांनी वडापाव खाल्ला. किती दिवसांनी तिखट लागला!

१३ नोव्हेंबर

बंडू टेम्पो लावून माझ्याजवळ येऊन बसला. हसत होता. "दादा, मला बी तुझ्यावानी हर्निया झालाय. खाली, एका बाजूला गाठ हाय. आखाडापासनं. दुखत न्हाई काय न्हाई. तू कसा ठणठणीत झालास! म्हनून म्या बी घाई केली न्हाई."