ड्रायव्हरशेजारची सीट

४ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा! बॅग दारातच टाकली आणि आधी गॅरेज उघडलं. ताडपत्रीखाली बाईसाहेब! मामा गाडीला बाईसाहेबच म्हणायचा. निळा रंग जागोजागी फुगलाय, चारही टायर बसलेत, पण पत्रा अजून ठणठणीत. मामा जाताना घर मावशीला देऊन गेला आणि गाडी मला. बायको म्हणाली, तुमच्या वाटणीला भंगार आलं. हसू दे तिला. महिनाभराची रजा टाकलीय, आणि बस डेपोत वीस वर्षं इंजिनं उगाच खोलली नाहीत मी.

७ ऑक्टोबर
मामाच्या शिस्तीपुढे हात टेकले. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवलाय. प्रत्येकाला चिठ्ठी: कुठला, केव्हा काढला, परत बसवताना काय सांभाळायचं. कोपऱ्यात ड्रायव्हरशेजारची सीट सापडली. तिच्या चिठ्ठीवर दोनच शब्द आहेत, ‘बसवू नये’.

आई या सीटवर गेली. टेकडीच्या वळणावर मामाच्या हातून गाडी कठड्यावर आदळली तेव्हा. मी सहा वर्षांचा होतो, मागे झोपलेला. मला साधा ओरखडाही आला नाही. काही आठवतही नाही, आईचा आवाजसुद्धा नाही. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

१२ ऑक्टोबर
इंजिन चालू झालं! गाडी रंगवायला बोलावलेला रंगारी इतका बडबड्या, की पॉलिशपेक्षा तोंडच जास्त चालतं. पण तोही टाळ्या वाजवायला लागला. मग सीट बसवली. मावशी फोनवर म्हणाली, दादाने नको लिहिलंय ना, मग राहू दे रे. मी हसण्यावारी नेलं. स्प्रिंगा तपासल्या, चौकट तपासली, कुठेही खोट नव्हती. चांगला माल फळीवर पडून राहिलेला आम्हा डेपोवाल्यांना बघवत नाही.

१३ ऑक्टोबर
सकाळी इंजिन चालू करून स्टिअरिंगवर बसलो होतो. शेजारची सीट हळूच खाली दबली. कुणी सावरून बसावं तशी. पाच मिनिटांनी एकदम वर आली. स्प्रिंग नवी नाही, त्यामुळे असेल. पुन्हा तपासली. स्प्रिंग ठीक आहे.

१५ ऑक्टोबर
आज आवाज आला. बाईचा, जरा घोगरा. दादा, हळू चालव, असं म्हणाली.

मी घाबरायला हवं होतं. मी रडलो. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडलो. आईचा आवाज असा होता तर. ती मला मामा समजते, समजू दे.

१८ ऑक्टोबर
रोज बसतो. दिवसातून चार-पाच वेळा. ती खिडकीबाहेरचं काहीबाही सांगते, मामाला चिडवते, स्वतःच हसते. मग दरवेळी मागे वळते. म्हणते, बाळ झोपलंय ना— आणि तिथेच आवाज तुटतो. सीट उसळून वर येते.

रंगारी काम सोडून गेला. म्हणाला, बंद गाडीत बाई किंचाळलेली त्याने ऐकली.

२० ऑक्टोबर
मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, गाडी दुरुस्त झाल्यावर दादाही असाच तासन्‌तास आत बसायचा. एक दिवस स्वतःच सीट उपटली. का, विचारलं तर म्हणाला, मी बसलो की ती पुन्हा जाते गं. दरवेळी पुन्हा जाते.

म्हणजे मी— आठ दिवसांत मी तिला किती वेळा—

२१ ऑक्टोबर
सीट काढायला गेलो. तीन बोल्ट निघाले. चौथ्याला पाना लावला आणि हात चालेना. काढली की आवाज गेला. कायमचा.

आणि तिला अजून कळलेलंच नाही. बाळ वाचलं की नाही, हे न कळताच ती जाते. दरवेळी.

२२ ऑक्टोबर
एकदाच. आज एकदाच बसतो, ती मागे वळायच्या आत सांगून टाकतो. मग सीट काढतो. आईशप्पथ काढतो.

२२ ऑक्टोबर, दुपार
सांगितलं. आई, मी वाचलो. मीच तुझं बाळ. मोठा झालोय बघ.

आवाज तुटला नाही. सीट दबलेलीच. ती गेली नाही. कपाळावर हात फिरला— गार— ताप बघावा तसा. म्हणाली, मग पुढे काय बसलास, मागे जाऊन नीज.

दार उघडत नाहीये. इंजिन बंद करूनही चालूच आहे.

मागे आलो. ती सांगते तसं करावंसंच वाटतं. पेन धरवत नाही, अक्षर मोठं मोठं येतंय. पाय खाली टेकत नाहीत. लोंबताहेत.

पुढे कुणीतरी बसलंय. मामाची मान— काळे केस—

गाडी चालू लागली. टेकडी दिसतेय. आई खुशीत आहे, बाहेरचं काय काय दाखवतेय. वळण यायच्या आत ओरडायला हवं, मामा हळू. मला एकट्यालाच माहीत आहे. जागं राहायला हवं. पण इतकी झोप— आई थोपटतेय— मामा ह