मॅडम मागून येतायत

करामा, दुबई
शुक्रवार, १२ सप्टेंबर २००३

ममता,

हे पोस्टात टाकायचं नाही असं ठरवलं, तेव्हा कुठे पेन हललं.

किलीमांजारोला जाऊन आलो. तू नाशिकला कायमची निघून गेलीस, तरी बुकिंगमधून तुझं नाव मला काढवलं नाही. पहिल्या मुक्कामाला आचारी यादीप्रमाणे चहाचे दोन कप घेऊन तंबूशी आला. गाईड जोसेफने विचारलं, "मॅडम?" मी म्हणालो, "मागून येतायत." मग सहाही दिवस दोन कप आले.

गाईडच्या पुढे कुणी चालायचं नाही, असा तिथला नियम. "पोले पोले", म्हणजे हळूहळू, असं तो दिवसातून शंभरदा म्हणायचा. करामाच्या फुटपाथवर तूही पिशव्या सांभाळत मागून म्हणायचीस, "अहो, जरा हळू." मी चिडायचो.

शिखरावर पोचलो. फोटो झाला. थंडीने बोटं बधिर झाली होती, म्हणून मी लगेच खाली निघालो, तर जोसेफ जागचा हलेना.

"मॅडमसाठी थांबूया," म्हणाला.

खालच्या वाटेकडे बघत दहा मिनिटं थांबलो आम्ही. तुझ्यासाठी मी इतका वेळ कधीच थांबलो नव्हतो.

नेहमी पुढे गेलेला,
धनंजय