पेन अजून भिजतंय

१० फेब्रुवारी १९६३, रविवार

तुळजापूरची मंडळी भूमला येऊन मला पाहून गेली. मुलगा गोपाळकृष्ण, शाळेत गणित शिकवतात. मी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नकाशे ट्रेस करते, म्हणून त्यांनी एकच प्रश्न विचारला — तलावाच्या नकाशात समान उंचीच्या रेषा एकमेकींना कधी छेदतात का? मी "नाही" म्हणाले. त्यांच्या वडिलांची अट एकच : लग्नानंतर नोकरी नाही. पुढच्या रविवारपर्यंत लेखी उत्तर द्यायचं.

सोयरिकीचं पत्र माझे वडील, नाना, दुसऱ्याच्या पेननं लिहीत नाहीत. त्यांचं पेन दिवाळीपासून बंद. माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "ट्रेसरबाई, बघा जरा."

११ फेब्रुवारी

पेन ऑफिसात नेलं. निब आणि तिच्याखालची काळी जीभ ओढून काढली. शाई खडीसाखरेसारखी धरलेली. पेल्यात कोमट पाणी घेऊन भिजत घातली — कढत नाही, जीभ वाकते. निबचं टोक एका बाजूला झिजलंय. निजामाच्या काळात तहसिलीत बावीस वर्षं उर्दू लिहिलं नानांनी, त्याचा तो उतार.

१२ फेब्रुवारी

तीनदा पाणी बदललं. शाई एकदम सुटत नाही. तिचा एक धागा निघतो, वाकतो, पसरतो, मग नुसती निळाई उरते. ईट गावच्या तलावाचा नकाशा समोर होता. तलाव अजून झालेला नाही, पण पेल्याकडं पाहताना तो भरत होता. काठावर कुणीतरी उभं होतं. साडेचारला भान आलं. अर्धा नकाशा राहिला.

१३ फेब्रुवारी, बुधवार

ट्रेसिंगचं कापड धुतलं की मलमलीसारखं होतं. त्याचा धागा निबच्या चिरेतून फिरवला. सकाळी अकराला पाणी स्वच्छ. पेन तयार.

घरी नानांनी विचारलं, "झालं का?"

"अजून शाई सुटतीये."

१४ फेब्रुवारी

स्वच्छ पेन पुन्हा स्वच्छ पाण्यात ठेवलं. बशीरभाई आमचे हेड ड्राफ्ट्समन, त्यांचे रोजे चालू आहेत. म्हणाले, "बाई, आमचा घसा कोरडा, अन् तुमचं पेन दिवसभर पाणी पितंय. त्याला रोजा माफ हाय का?"

मी हसले. पाणी बदललं.

१५ फेब्रुवारी

भिजतंय.

१६ फेब्रुवारी, शनिवार

आई म्हणाली, "पेन धुतीस का गोधडी?" नानांनी पेला उचलून उजेडात धरला. मग मीच सांगितलं.

"पेन बुधवारीच झालं."

"मग?"

"नोकरी सोडणार नाही."

"त्यांची अट तेवढीच आहे, प्रमोदिनी."

"ठाऊक आहे."

नाना सुपारी कातरत म्हणाले, "होकार माझ्या हातचा. नकार लिहायला माझा हात नाही व्हायचा. तू लिही, मी सही करतो."

१७ फेब्रुवारी

चार ओळी लिहिल्या. उर्दूनं झिजलेली निब आपल्या मराठी अक्षराला सरळ चालत नाही, उभ्या रेघेला अडते. पेन तिरकं धरल्यावर जमलं. डाग नाही, खाडाखोड नाही. नानांनी सही केली. सकाळच्या एसटीनं पत्र गेलं.

१८ फेब्रुवारी

गोपाळकृष्ण मला आवडले होते. हे इथंही लिहिलं नव्हतं.